आधी खिडकी बघा, मग काच: रेंजफाइंडरसाठी वाइड लेन्स निवडताना

रेंजफाइंडर कॅमेरा पहिल्यांदा हातात येतो तेव्हा त्याच्यावर बहुधा ५० मिमीची लेन्स असते. चार-सहा रोल मजेत जातात. मग एखाद्या दिवशी वाड्याच्या चौकात, चाळीच्या गॅलरीत किंवा कुणाच्या तरी चिंचोळ्या स्वयंपाकघरात आपण मागे सरकत सरकत भिंतीला टेकतो. तरीही आजी आली तर ओटा कापला जातो आणि ओटा आला तर आजी. त्याच रात्री वाइड लेन्सची, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सची शोधाशोध सुरू होते. मिमीचा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड.

माझीही तशीच झाली. घाईघाईत मी थेट २१ मिमीची लेन्स घेतली. वाइडच घ्यायची तर चांगली ऐसपैस घेऊ, असा हिशेब. लेन्स उत्तम होती, पण माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीत तिचं दृश्य दिसायची सोयच नव्हती. अंदाजाने फोटो काढत राहिले. निम्म्या फोटोंत कडेला कुणाचं तरी कोपर, उरलेल्यांत अर्धा फोटो नुसता फरशीचा. सहा महिन्यांत लेन्स कपाटात गेली. त्यामुळे आता कुणी विचारलं, की वाइड कोणती घेऊ, तर मी लेन्सचं नाव सांगत नाही. कॅमेरा कोणता आहे आणि चष्मा आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारते.

खिडकीचा मामला

एसएलआर कॅमेऱ्यात आरसा असतो आणि जी लेन्स लावाल तिच्यातूनच तुम्हाला दिसतं. रेंजफाइंडरला आरसा नाही. आपण बघतो ती लेन्सच्या वर, बाजूला असलेली एक स्वतंत्र खिडकी. लेन्स २८ची लावा नाहीतर ९०ची, खिडकीतलं जग तेवढंच राहतं. बदलते ती त्यात तरंगणारी उजळ चौकट. चौकटीच्या आत जे असेल ते फोटोत येणार. फोकसही याच खिडकीत: मधोमध एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात, लेन्सचं कडं फिरवून ती एकावर एक आणायची. लेन्सचं झाकण न काढता अख्खा रोल खर्ची घालता येतो तोही यामुळेच. हा संस्कार प्रत्येकाचा एकदा होतोच. माझा दोनदा झालाय.

म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात सर्वांत रुंद चौकट कोणती, हे आधी कळायला हवं. त्याहून रुंद लेन्स घेतलीत तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅशच्या जागी वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. मग एका खिडकीतून फोकस, दुसरीतून चौकट. सवयीने जमतं, पण पहिल्या वाइडसाठी हा उपद्व्याप कशाला?

हातातला कॅमेरा नक्की कोणता?

घरच्या कपाटात सापडणारा रेंजफाइंडर बहुतेकदा याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेटसारखा असतो. यांची लेन्स निघत नाही. इलेक्ट्रोची ४५ मिमी, कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्रीची ४०. पुढून स्क्रूने लावायचे वाइड जोड मिळतात, पण त्यात पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत. ४० मिमी तसंही वाइडच्या उंबरठ्यावरच बसलेलं असतं.

लेन्स निघत असेल तर बहुधा दोनपैकी एक प्रकार. जुना ३९ मिमी व्यासाचा आट्यांचा माउंट (लेन्स बसवायची जागा), म्हणजे बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची लेन्स. जुने लायका, कॅनन पी आणि कॅनन ७, सोव्हिएत झोर्की आणि फेड, पहिला बेसा आर हे सगळे त्यातले. दुसरा लायकाचा एम माउंट, १९५४च्या एम३बरोबर आलेला. त्यात लेन्स थोडी वळवली की खटकन बसते. आट्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक ते फिल्म हे अंतर २८.८ मिमी असतं आणि एममध्ये २७.८. बरोबर एक मिलिमीटरचा फरक. त्या एका मिलिमीटरच्या जाडीचं कडं लावलं की आट्यांची जवळपास कुठलीही लेन्स एम कॅमेऱ्यावर चालते आणि फोकसही बरोबर येतो. उलटं मात्र होत नाही. कडं घेताना एक पाहा: ती २८, ३५ आणि ५० मिमीसाठी वेगवेगळी मिळतात, कारण खिडकीत कोणती चौकट उजळायची हे कडंच ठरवतं. २८च्या लेन्सला ५०चं कडं लावलंत तर चौकट ५०ची दिसेल आणि फोटो २८चा येईल.

कीव्ह किंवा दुसऱ्या महायुद्धाआधीचा कॉन्टॅक्स असेल तर माउंट वेगळा आणि पर्यायही मोजके. तिथे ३५ची ज्युपिटर-१२ शोधा आणि विषय संपवा.

आता चौकटी. ही यादी कंटाळवाणी आहे, पण पैसे इथेच वाचतात. लायका एम३मध्ये ५०, ९० आणि १३५. त्यात ३५ची चौकट नाही, म्हणजे वाइडसाठी हा कॅमेरा मुळातच अडचणीचा. त्यावर तोडगा म्हणून लायकाने ३५च्या काही लेन्स चष्म्यासकट काढल्या. लेन्सच्या डोक्यावरच्या दोन भिंगांमुळे खिडकीतलं चित्र आक्रसतं आणि ५०च्या चौकटीत ३५चं दृश्य दिसतं. दिसायला गमतीशीर, वापरायला ठीक, फक्त खिडकी किंचित मंदावते. एम२मध्ये ३५, ५०, ९०. एम४मध्ये त्यात १३५ची भर. एम४-पीपासून २८ आली आणि १९८४च्या एम६मध्ये ती कायम राहिली. कॅनन पीमध्ये ३५, ५० आणि १०० या तिन्ही चौकटी सतत दिसतात. कॅनन ७मध्ये ३५पासून पुढे, चकती फिरवून निवडायच्या. या कॅनन ७ला डोक्यावर फ्लॅशची खाचच नाही, त्यामुळे २८ किंवा २१साठी वेगळा फाइंडर बसवायचा तर त्याचा खास जोड शोधत फिरावं लागतं. मिनोल्टा सीएलईमध्ये २८, ४०, ९०. झाइस आयकॉनमध्ये २८, ३५, ५०, ८५. आणि जपानच्या कोसिना कंपनीने काढलेला बेसा आर४ म्हणजे वाइडवाल्यांची चैन: २१, २५, २८, ३५, ५० सगळं एकाच खिडकीत.

झोर्की-४ आणि फेड-२ या गरिबांच्या लायकात चौकटच नसते. पूर्ण खिडकी म्हणजे साधारण ५०चं दृश्य. त्यांच्यासाठी सोव्हिएत बनावटीचा फिरता फाइंडर मिळतो. त्यावर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशी पाच छोटी भिंगं असतात, हवं ते फिरवून पुढे आणायचं. कॅमेऱ्यावर तोफखाना बसवल्यासारखं दिसतं, पण काम चोख.

चष्मा आहे?

मग हे वाचाच. खिडकीत वस्तू किती मोठी दिसते याचा एक आकडा असतो. एम३चा ०.९१, एम६चा साधारणपणे ०.७२, बेसा आर४चा ०.५२, कॅनन पीचा १, म्हणजे उघड्या डोळ्याइतकाच. आकडा मोठा असला की फोकस अचूक करता येतो, पण रुंद चौकटी खिडकीच्या कडेला ढकलल्या जातात. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो आणि त्या कडा दिसेनाशा होतात. एम६मध्ये २८ची चौकट मला चष्म्यातून एका नजरेत कधीच दिसलेली नाही. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मग मधला अंदाज. कॅनन पीच्या ३५चंही तेच.

इथे साहजिकच शंका येते, की आर४सारख्या छोट्या आकड्याच्या खिडकीत फोकस चुकणार नाही का? ९० मिमी लावली असती तर चुकला असता. वाइड लेन्सला मुळात खोली (फोकसच्या पुढे-मागे स्पष्ट येणारा पट्टा) इतकी मिळते, की तेवढ्या अचूकतेत काम भागतं.

पुठ्ठ्याचं भोक

किती वाइड हवी हे दुकानात ठरत नाही, घरी ठरतं. एक जाड पुठ्ठा घ्या आणि त्यात १८ सेंमी रुंद, १२ सेंमी उंच असं आयताकृती भोक कापा. एक डोळा मिटा. पुठ्ठा डोळ्यापासून २५ सेंमीवर धरलात की ५० मिमीची लेन्स काय बघते ते दिसेल. १७.५ सेंमीवर ३५, १४वर २८ आणि १०.५वर २१. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमी असते. आपण तीच पाचपट मोठी करून पाचपट अंतरावर धरली, एवढंच. हा पुठ्ठा पिशवीत टाका आणि ज्या ठिकाणी तुम्ही खरोखर फोटो काढता तिथे आठवडाभर धरून बघा. लोक हसतील. हसू द्या.

२८ची चौकट असलेला लायका एम असेल तर एवढंही नको. लेन्सशेजारची छोटी दांडी ढकलली की दुसऱ्या लेन्सच्या चौकटी उजळतात. लेन्स विकत न घेता ३५ आणि २८ यांची तुलना जागच्या जागी होते.

आकड्यात हवं असेल तर ३६ला फोकल लेंथने (लेन्सच्या मिमीच्या आकड्याने) भागा आणि अंतराने गुणा. फोटोत मावणारी रुंदी मिळते. ३ मीटरवरून ५०मध्ये साधारण २.१६ मीटर मावतात, ३५मध्ये ३.१, २८मध्ये ३.८५ आणि २१मध्ये ५.१५. आजीचं स्वयंपाकघर मोजा आणि स्वतःच ठरवा.

पण नुसतं 'मावणं' हा वाइड लेन्सचा अर्धाच हिशेब. ज्यात जास्त मावतं त्यात प्रत्येक गोष्ट लहान होते. नवख्यांचे वाइडचे पहिले फोटो रिकामे वाटतात ते यामुळे: जागा ५०चीच ठेवलेली असते आणि चौकट तेवढी रुंद झालेली असते. वाइड लेन्स पुढे जाऊन वापरायची असते. वारीत बघा, पाच मीटर मोकळी जागा कुणी देत नाही. दीड-दोन मीटरवर मृदंग, त्याच्या मागे टाळकरी, त्याच्या मागे पताका, हे सगळं एकाच फोटोत थरांनी बसवायचं तर २८सारखं हत्यार नाही. अमेरिकेतल्या रस्त्यांवर छायाचित्रकार गॅरी विनोग्रांड लायकावर २८ लावून असाच माणसांच्या अंगावर जाऊन फोटो काढायचा. उलट फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं मुख्य काम ५०वर केलं. तेव्हा वाइड घेतलीच पाहिजे असंही काही नाही.

माझा कौल सांगते. चष्मा असेल किंवा कॅमेऱ्यात २८ची चौकट नसेल तर ३५ घ्या, पुढे वाचलं नाहीत तरी चालेल. सध्या ३५ वापरत असाल आणि तरीही भिंतीला पाठ लागत असेल तर २८. सध्या ५० वापरत असाल तर २८ आणि ५० ही जोडी ३५ आणि ५०पेक्षा जास्त उपयोगी, कारण दोन पावलं पुढे-मागे होऊन ३५ आणि ५०मधला फरक बराचसा भरून निघतो. २१ किंवा २५ तिसरी लेन्स म्हणून. १५ मिमी हौस म्हणून. त्यात कडेला उभ्या माणसाचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं आणि नातेवाईक फोटो परत करतात.

इमारतींसाठी २१ लागेलच, असा एक समज आहे. पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभे राहा. २१ लावून कॅमेरा वर केलात की वाडा मागे कलंडतो. कॅमेरा सरळ धरलात तर वाडा पूर्ण येतो आणि खालचा निम्मा फोटो रस्ता, रिक्षा आणि दुचाक्यांचा. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कुणी उभं राहू दिलं तर तेच काम २८ किंवा ३५ नेटकं करते. शिडी लेन्सपेक्षा स्वस्त पडते.

एफ १.४ कशाला?

जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा मोठ्या ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाचा असतो आणि पैसेही त्याचेच. एफपुढचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब करून बघा. आयएसओ ४००ची फिल्म (हा उजेड टिपायच्या क्षमतेचा आकडा), लख्ख ऊन: एफ १६ला शटर १/५०० सेकंद. जुन्या रेंजफाइंडरचा शटर फार तर १/१०००पर्यंत जातो, फेड-२चा तर १/५००पर्यंतच. म्हणजे दिवसा तुम्ही एफ ११च्या आसपास अडकलात. एफ २ उघडायचं तर ३२पट वेगाचा शटर हवा, तो नाही. १००ची फिल्म घातली तरी भर उन्हात १/१०००ला एफ ५.६च. मग ते १.४ वापरणार कधी? संध्याकाळी आणि घरात. तिथेही ४००च्या फिल्मवर ट्यूबलाइटच्या उजेडात एफ २.८ला १/१५ किंवा १/३० मिळतो. आरशाची धडधड नसल्याने २८ मिमी लेन्स १/१५ला हातात स्थिर राहते, श्वास जरा रोखून धरला तर.

मोठ्या ॲपर्चरची लेन्स जाडही असते आणि खिडकीचा खालचा उजवा कोपरा खाते. वर हूड (तिरपा उजेड अडवणारी झालर) लावला की आणखी. म्हणून अशा लेन्सच्या हूडला खाचा असतात, त्यातून पलीकडचं थोडं दिसतं. एफ २.८ किंवा ३.५ची छोटीशी लेन्स खिशात मावते, खिडकी मोकळी ठेवते आणि पैसे वाचवते. पहिल्या वाइडसाठी तीच.

याचा दुसरा फायदा फोकसमध्ये. २८ची लेन्स एफ ८वर ३.३ मीटरला ठेवलीत तर साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ला त्याच एफ ८वर ५.१ मीटरला ठेवावं लागतं आणि स्पष्टता अडीच मीटरपासून सुरू होते. २१ला १.९ मीटर, म्हणजे जेमतेम एका मीटरपासून पुढे सगळंच. रस्त्यावर मला अनंताची गरज नसते. मी २८ एफ ८वर २ मीटरला ठेवते, सव्वा ते पाच मीटरचा पट्टा मिळतो आणि गर्दीत घडतं ते तेवढ्यातच. मोठा प्रिंट काढायचा असेल तर ॲपर्चर एका पायरीने आणखी बंद करा. लेन्सवर बोट अडकवायला छोटा टॅब असेल तर तो सरळ खाली असताना अंतर किती, हे पाठ करून टाका. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आत फोकस झालेला असतो.

मागचं भिंग

रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सची इतकी ख्याती का? आरसा नसल्यामुळे लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं. एसएलआरमध्ये आरशाला जागा सोडावी लागते, त्यासाठी वाइड लेन्सची रचना लांबट आणि गुंतागुंतीची करावी लागते. इथे पुढची-मागची भिंगं जवळजवळ एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी ठेवता येतात, आणि अशा रचनेत सरळ रेघा सरळच राहतात. लुडविग बर्टेले यांनी झाइससाठी केलेल्या बायोगॉन लेन्स याचं गाजलेलं उदाहरण. ज्युपिटर-१२ ही ३५च्या बायोगॉनचीच सोव्हिएत आवृत्ती. हातात घेतलीत तर मागे लिंबाएवढं भिंग बाहेर आलेलं दिसेल. टेबलावर उताणी ठेवू नका, पहिला ओरखडा तिथेच पडतो.

या रचनेची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, कोपरे थोडे काळवंडतात. निगेटिव्हवर खटकत नाही, स्लाइडवर दिसतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ते खोल गेलेलं भिंग कॅमेऱ्याच्या आत कशाला तरी अडू शकतं. लायका एम५ आणि सीएलमध्ये उजेड मोजायची दांडी शटरसमोर वर येते. तिथे ज्युपिटर-१२ किंवा लायकासाठी श्नायडरने बनवलेली जुनी २१ची सुपर-अँगुलॉन लावू नका. एम६मध्ये दांडी नाही, पण उजेड मोजणारा मीटर शटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याचा उजेड वाचतो आणि खोल भिंग तो झाकतं. तिथे लेन्स बसते, मीटर मात्र खोटं बोलतो.

आणखी एक. लेन्सची परीक्षणं वाचताना ती कोणत्या कॅमेऱ्यावर केली आहेत ते बघा. जांभळे कोपरे, पुसट कडा या तक्रारी बहुतेकदा डिजिटल सेन्सरवरच्या असतात. सेन्सरला तिरपा उजेड सोसत नाही, फिल्मला सोसतो. डिजिटलवाल्यांनी नाकं मुरडलेली लेन्स फिल्मवर झकास चालते आणि त्यामुळे कधीकधी स्वस्तही मिळते. हा आपला फायदा.

कोणकोणत्या बघाव्यात

तळापासून सुरू करू. ज्युपिटर-१२, ३५ मिमी, एफ २.८. सर्वांत स्वस्त रस्ता. ॲपर्चरचं कडं पुढच्या भिंगाच्या भोवती आत दडलेलं, त्यामुळे बदलताना बोट काचेवर जातंच. सोव्हिएत लेन्सचा फोकस लायकाच्या मापाशी काटेकोर जुळत नाही अशी कुरकुर ऐकू येईल. ती ५० आणि ८५ला लागू आहे, ३५च्या खोलीत ती चूक विरघळते. नग मात्र पाहून घ्या, कारखान्यातून निघतानाच दोन नग सारखे नसत.

मधला रस्ता कोसिनाच्या फोइग्टलेंडर लेन्सचा, आणि मी नवख्यांना इथेच थांबवते. कलर-स्कोपार ३५ एफ २.५, २८ एफ ३.५, २१ एफ ४: तिन्ही इवल्याशा, तिन्ही धारदार. सेकंडहँड घेताना एक खोच आहे. १९९९च्या सुमारास आलेल्या आट्यांच्या १५ मिमी एफ ४.५ आणि २५ मिमी एफ ४ या लेन्स रेंजफाइंडरशी जोडलेल्याच नाहीत. खिडकीतली दोन चित्रं हलणार नाहीत, अंतर अंदाजाने लावायचं. १५ला ते चालून जातं, २५ला जवळच्या माणसावर चुकायला होतं. २० मिमीची सोव्हिएत रुसार एमआर-२ हीसुद्धा अशीच न जोडलेली.

त्याच्या वर झाइसच्या एम माउंटसाठीच्या झेडएम लेन्स. ३५ एफ २.८ सी-बायोगॉन ही माझी आवडती. तिच्यातून दाराच्या चौकटी इतक्या सरळ येतात की सुताराला दाखवाव्यात. लायकाच्या लेन्सबद्दल मी बोलत नाही. ज्याला परवडतात त्याला सल्ला नको असतो.

जुनी लेन्स हातात घेतल्यावर

मुंबईच्या चोर बाजारात घ्या, ओळखीच्या माणसाकडून घ्या किंवा परदेशातून मागवा (मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशेब करा), तपासणी तीच. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरप्या नजरेने पुढून बघा. धुळीचे कण दिसतील. ते विसरा, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा म्हणजे बुरशी. पातळ असेल तर साफ होते, पण काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा. आरशावर वाफ धरावी तसा सारखा पांढुरका थर दिसला तर फोटो धुरकट येतील. साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. भिंगाच्या कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटतोय. ती लेन्स परत ठेवा.

मग फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. घट्ट चालेल, कारण वंगण बदलता येतं. मध्येच अडखळत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. शेवटी ती तुमच्याच कॅमेऱ्यावर लावा, अनंतावर ठेवा आणि दूरच्या मनोऱ्याकडे किंवा चंद्राकडे बघा. खिडकीतली दोन चित्रं एकावर एक बसायला हवीत. नाही बसली तर दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा, हे तुमची ५०ची लेन्स लावून लगेच कळेल.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात चांगली लेन्सही चार महिन्यांत बुरसटते. चामड्याच्या डबीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, दाणे गुलाबी पडले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, तेवढ्या निमित्ताने फोटो तरी होतील.

पहिला रोल

नवी लेन्स आली की लगेच सहलीला नेऊ नका. एक साधा रोल तिच्यासाठी खर्च करा आणि प्रत्येक फोटोचं अंतर आणि ॲपर्चर वहीत टिपा. भिंतीवरचं कॅलेंडर एक मीटरवरून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, एका विशिष्ट तारखेवर फोकस करून तीनदा काढा, दर वेळी कडं अनंतापर्यंत नेऊन परत आणा. तिन्ही फोटोंत तीच तारीख स्पष्ट आली पाहिजे. मग तीन मीटरवर, मग दूरची इमारत. एक फोटो सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून, चकाकी किती येते ते कळायला. तिथे सावध राहा: लायका, झोर्की, फेड यांचा शटर कापडाचा असतो आणि पुढे आरसा नसतो. लेन्स सूर्याकडे रोखून ठेवलीत तर भिंगाने कागद जाळावा तसं पडद्याला भोक पडतं. वाइडमध्ये सूर्याचं बिंब लहान पडतं, म्हणून धोका थोडा कमी, इतकंच. चालताना कॅमेरा गळ्यात उताणा लटकत असेल तर झाकण लावा. (आणि काढा.)

उरलेल्या फोटोंपैकी काही चौकटीच्या परीक्षेसाठी. दाराची एक उभी कड खिडकीतल्या कडेच्या उजळ रेषेवर बरोबर बसवा. एकदा एक मीटरवरून, एकदा पाचवरून. निगेटिव्ह आली की पाच मीटरच्या फोटोत दाराच्या बाहेरची भिंतही आलेली दिसेल. चौकटी जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असतात, लांबच्या फोटोत रेषांच्या बाहेरचं थोडं जास्तच येतं. तुमच्या कॅमेऱ्यात ते किती, हे त्या दोन निगेटिव्ह शेजारी ठेवून मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.